सागवानी डायनिंग टेबल: वखारीतल्या लाकडापासून शेवटच्या हातापर्यंत

भरीव सागवानी टेबलाचा टॉप मधोमध तडकला की दोष लाकडाला दिला जातो. खरं कारण सहसा टॉपच्या खाली असतं: टॉप चौकटीला फेविकॉल आणि स्क्रू मारून चारही बाजूंनी जखडलेला असतो. लाकूड पावसाळ्यात ओल घेऊन फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. ही हालचाल फक्त रुंदीत होते, लांबीत जवळजवळ होतच नाही. ३६ इंच रुंद सागवानी टॉप मुंबई-पुण्याच्या हवेत वर्षभरात दीड-दोन सूत कमीजास्त होतो. नागपूर-चंद्रपूरकडे उन्हाळा जास्त कोरडा, त्यामुळे तिकडे हा फरक आणखी वाढतो. ही हालचाल थांबवता येत नाही, तिला वाट द्यावी लागते. या लेखातली जवळजवळ प्रत्येक कृती त्याच हिशेबाने आखली आहे.

मापं इंच आणि सुतांत दिली आहेत. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग.

आधी मापं

सहा माणसांसाठी ६० इंच लांब, ३६ इंच रुंद आणि ३० इंच उंच टेबल पुरतं. जेवताना एका माणसाला साधारण २४ इंच रुंदी लागते. त्यामुळे लांब बाजूंना दोन-दोन आणि टोकांना एक-एक खुर्ची बसते. टॉप तयार झाल्यावर १ इंच जाड हवा. खालच्या चौकटीची पट्टी ४ इंच उंच घेतली की तिच्या खाली जमिनीपर्यंत २५ इंच मोकळे राहतात आणि मांड्या अडकत नाहीत. शोभेसाठी ही पट्टी ६ इंच करण्याचा मोह टाळा. उंच माणसाला अशा टेबलापाशी नीट बसताच येत नाही.

पायांचं बाहेरून बाहेर अंतर लांबीत ५० आणि रुंदीत ३० इंच ठेवा. म्हणजे टॉप टोकांना ५ इंच आणि बाजूंना ३ इंच बाहेर येतो. सगळे भाग रंधून तयार झाल्यावरची मापं अशी:

- पाय: ४ नग, पावणेतीन इंच चौरस, लांबी २९ इंच
- लांब पट्ट्या: २ नग, ४ इंच x ७ सूत, कुसवांसह साडेसत्तेचाळीस इंच (कुसू म्हणजे पट्टीच्या टोकाला काढलेली, पायाच्या खाचेत शिरणारी जीभ)
- आखूड पट्ट्या: २ नग, ४ इंच x ७ सूत, कुसवांसह साडेसत्तावीस इंच
- मधली आडवी पट्टी: १ नग, ३ इंच x ७ सूत, साडेअठ्ठावीस इंच
- टॉपसाठी: साडेचार इंची ८ पट्ट्या, १ इंच जाड, ६० इंच लांब
- टॉप धरायला लाकडी ठोकळे: १० नग, उरलेल्या तुकड्यांतून

कच्च्या लाकडाचा हिशेब घनफुटात होतो: लांबी फुटांत, रुंदी आणि जाडी इंचांत, तिन्हींचा गुणाकार, भागिले १४४. टॉपला सव्वा इंच जाड, ६२ इंच लांब आणि एकूण ४० इंच रुंद माल धरला तर १.८ घनफूट होतात. पायांना ३ x ३ चा माल ३० इंच लांबीने ०.६३, पट्ट्यांना मिळून ०.६. बेरीज तीन घनफुटांच्या आसपास. गाठी, पांढरा भाग आणि तुटफूट यांसाठी पाव भाग जास्त धरून पावणेचार घनफूट घ्या. कमी घेतलं तर मागाहून आणलेली फळी रंगाने जुळत नाही, आणि टॉपमध्ये ती एक पट्टी कायम वेगळी दिसते.

वखारीत काय बघायचं

चंद्रपूर, बल्लारपूर, आलापल्लीकडचा साग महाराष्ट्रात नावाजलेला आहे आणि किमतीनेही वर आहे. बाजारात आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतल्या लागवडीचा सागही भरपूर येतो. तो रंगाने फिकट असतो आणि वर्षवलयं लांब-लांब असतात. टेबलासाठी तो चालतो, फक्त त्यात पांढरा भाग जास्त निघतो. नावापेक्षा समोरची फळी बघा. रंधा मारलेल्या जागी हात फिरवला की किंचित तेलकट लागलं पाहिजे आणि चामड्यासारखा वास आला पाहिजे. कडेचा पांढुरका भाग हा सालीजवळचा. वाळवी आणि भुंगा याच भागाला लागतात, गाभ्याला सहसा नाही. रंग चढवून पांढरा भाग लपवून देणारे भेटतात, म्हणून पॉलिश केलेला किंवा तेल लावलेला माल घेऊ नका.

पायांसाठी फळीचं टोक बघून निवडा. झाडाचा अगदी मधला मऊ, पोकळसर भाग पायात आला तर पाय हमखास तडकतो. टोकाला वर्षवलयं कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरपी जाणारा तुकडा मिळाला तर पायाच्या चारही बाजूंना रेषा सरळ दिसतात.

ओलावा हा सगळ्यांत महत्त्वाचा मुद्दा. "सुकलेलं आहे" या शब्दावर विसंबू नका. ओलावा मोजायचं मीटर असेल तर फळी मधून कापून ताज्या कापावर टोचा, कारण वरचा पृष्ठभाग नेहमी आतल्यापेक्षा कोरडा असतो. मुंबई-कोकणात १२ ते १४ टक्के, पुणे-नाशिककडे १० ते १२, विदर्भात ८ ते १० टक्के असा आकडा हवा. मीटर नसेल तर फळीचा फूटभर तुकडा स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर दर आठवड्याला तोला. तीन वेळा वजन बदललं नाही की लाकूड हवेशी जुळलं असं समजा. तोपर्यंत माल ज्या घरात टेबल राहणार तिथेच रचून ठेवा. दोन फळ्यांमध्ये दीड-दीड फुटावर इंचभर जाडीच्या पट्ट्या घाला, पट्ट्या एकाखाली एक अशा सरळ रेषेत ठेवा आणि फळ्यांच्या टोकांना जुना ऑइलपेंट किंवा मेण लावा. टोकातून ओल फार वेगाने जाते, आणि चिरा तिथूनच सुरू होतात.

माल सरळ करणं

आधी प्रत्येक फळीची एक बाजू सपाट करा, मग तिला काटकोनात एक कड, मग जाडी, शेवटी रुंदी. हा क्रम बदलू नका. पीळ तपासायला फळीच्या दोन्ही टोकांवर एकेक सरळ पट्टी आडवी ठेवा आणि एका टोकाकडून डोळा लावून बघा. दोन्ही पट्ट्यांच्या वरच्या कडा समांतर दिसल्या नाहीत तर फळीला पीळ आहे. जाडी काढायच्या मशीनमध्ये पिळलेली फळी घातली तर ती पातळ होऊन बाहेर येते, पण पीळ तसाच राहतो. रोलर तिला दाबून सपाट करतात आणि बाहेर आल्यावर ती पुन्हा उसळते.

पहिल्या फेरीत प्रत्येक भाग मापापेक्षा एक सूत जाड ठेवा आणि चार-पाच दिवस उभा करून ठेवा. वरचा थर निघाला की आतला ताण मोकळा होतो आणि फळी थोडी वाकते. ती वाकून घेऊ द्या, मग शेवटचं माप काढा. सागात सिलिका असते, त्यामुळे पाती लवकर बोथट होतात. रंध्याला आणि पटाशीला पाण्याच्या दगडावर वारंवार धार द्यायची तयारी ठेवा. बोथट पात्याने सागाचे तंतू कापले न जाता उपटले जातात, आणि तो खडबडीतपणा पॉलिशखाली ठळक दिसतो.

टॉप जोडणं

आठही पट्ट्या जमिनीवर मांडून आधी रेषा जुळवा. वर्षवलयं आलटूनपालटून वर-खाली ठेवायचा नियम सांगितला जातो. आमच्या मते माल नीट सुकलेला असेल तर दिसण्याला प्राधान्य द्यावं, फक्त सगळ्या पट्ट्यांवर रंधा एकाच दिशेने चालेल एवढं बघावं. मांडणी ठरली की संपूर्ण टॉपवर खडूने एक मोठा त्रिकोण काढा. पट्ट्या हलल्या तरी त्रिकोण बघून पुन्हा जुळवता येतात.

जोडाची कड रंधताना शेजारच्या दोन पट्ट्या पुस्तकासारख्या मिटून एकत्र शिकंज्यात (क्लॅम्पमध्ये) धरा आणि दोन्ही कडांवर एकदमच रंधा मारा. रंधा थोडा कलला तरी दोन्ही कोन एकमेकांना पुरे पडतात आणि उघडल्यावर पट्ट्या सपाट बसतात. मग एक पट्टी दुसरीवर उभी ठेवून पाठीमागे दिवा लावा. टोकांना प्रकाश दिसता कामा नये. मधोमध केसभर फट चालते, किंबहुना ती हवीच. टोकं पुढे जास्त सुकतात, तेव्हा जोड तिथेच आधी उघडतो. मधे फट ठेवून जोड आवळला की टोकांवर जास्त दाब राहतो.

सागाच्या तेलामुळे फेविकॉल नीट धरत नाही, ही तक्रार खरी आहे, पण तिचं कारण बहुतेक वेळा उशीर असतं. कड रंधल्यावर दिवसभर ठेवली तर तेल वर येतं. कड ताजी रंधा, अ‍ॅसिटोनमध्ये भिजवलेल्या स्वच्छ फडक्याने पुसा, पाच मिनिटं सुकू द्या आणि लगेच चिकटवा. पाणी सोसणारा, मरीन प्रकारचा फेविकॉल वापरा. टेबल रोज ओल्या फडक्याने पुसलं जाणार आहे.

आठ पट्ट्या एकदम चिकटवू नका. चार-चारच्या दोन गटांत करा, मग दोन गट एकमेकांना. शिकंजे १० ते १२ इंचांवर, एक वरून एक खालून असे आलटूनपालटून लावा, नाहीतर टॉप आवळताना कमानीसारखा उठतो. लोखंडी शिकंजा आणि ओला फेविकॉल यांच्यामध्ये वर्तमानपत्राचा तुकडा घाला, नाहीतर काळे डाग पडतात आणि ते खोल जातात. जोडाच्या पूर्ण लांबीत बारीक मण्यांसारखा फेविकॉल बाहेर आला की दाब पुरेसा आहे. पातळ झिरमिरी वाहत असेल तर फेविकॉल जास्त झाला. काहीच आलं नाही तर जोड कोरडा राहिला.

दुसऱ्या दिवशी शिकंजे काढले तरी लगेच रंधा किंवा सँडर चालवू नका. फेविकॉलमधल्या पाण्याने जोडाजवळचं लाकूड फुगलेलं असतं. ते तसंच घासून सपाट केलं तर आठवड्याभराने सुकून खाली बसतं आणि प्रत्येक जोडावर बोटाला लागेल अशी बारीक घळ तयार होते. पॉलिश झाल्यावर खिडकीचा उजेड आडवा पडला की सातही घळी दिसतात. एक आठवडा थांबणं हाच त्यावरचा उपाय.

पाय आणि पट्ट्या

चौकटीची ताकद सांध्यात असते. बाजारी टेबलांत पट्टीला पायाशी नुसता लोखंडी कोन लावून बोल्ट मारतात. टेबल ओढलं, ढकललं की तो सांधा सैल होतो. इथे पायात खाच आणि पट्टीला कुसू असा सांधा करायचा.

पट्टी पायाच्या बाहेरच्या बाजूपासून २ सूत आत बसते. कुसू ३ सूत जाड, ३ इंच उंच आणि दीड इंच लांब. पट्टीच्या ४ इंच उंचीपैकी वर ६ सूत आणि खाली २ सूत खांदा (कुसवाशेजारी पट्टीला राहणारी पायरी) राहतो. वरचे ६ सूत पूर्ण कापून टाकू नका, त्यांचं ३ सूत लांबीचं आखूड टोक ठेवा आणि पायात तेवढीच उथळ खाच घ्या. त्यामुळे पट्टी पिळत नाही. खाच थेट पायाच्या वरच्या टोकापर्यंत पूर्ण खोल नेली तर पाय वरून फाटतो.

या मापांत पायातल्या दोन शेजारच्या खाचा एकमेकींना भेटत नाहीत. पाय २२ सूत रुंद आहे. कुसू बाहेरच्या बाजूपासून ४ ते ७ सुतांमध्ये बसतो आणि आतल्या बाजूने १२ सूत शिरतो, म्हणजे १० सुतांपाशी थांबतो. कुसवाची टोकं ४५ अंशांत कापायची गरजच राहत नाही. खाचेची खोली मात्र १३ सूत ठेवा. तळाशी एक सूत जागा नसेल तर जास्तीचा फेविकॉल कुसवाला पुढे जाऊ देत नाही आणि खांद्याशी फट राहते.

पाय सुरुवातीला वरच्या बाजूला इंचभर लांब ठेवा. त्या जास्तीच्या लाकडामुळे खाच पाडताना टोक फुटत नाही, नंतर ते कापून टाका. आधी खाच, मग कुसू हा क्रम पाळा, कारण कुसू रंध्याने हवा तेवढा बारीक करता येतो, खाच तशी करता येत नाही. ३ सुताच्या ड्रिलने ओळीने भोकं पाडून कडा पटाशीने साफ करा. कुसू हाताच्या दाबाने अर्धा आणि लाकडी हातोडीच्या दोन-तीन हलक्या ठोक्यांनी पूर्ण गेला पाहिजे. घण मारावा लागला तर फेविकॉल खरवडून निघेल. आपोआप पडला तर सांधा फुकट. तेव्हा कुसवाला सागाचंच पातळ कापट चिकटवून पुन्हा बसवा.

खाचा झाल्यावर पाय निमुळते करा, तेही फक्त आतल्या दोन बाजूंनी. वरून ५ इंच सोडून सुरुवात करा आणि तळाला २ इंच चौरस आणा. चारही बाजूंनी निमुळते केले तर टेबल दिसायला अरुंद वाटतं.

चौकट चिकटवताना आधी दोन आखूड बाजू, दुसऱ्या दिवशी लांब पट्ट्या आणि मधली आडवी पट्टी. मधल्या पट्टीला दोन्ही टोकांना ३ सुतांचा आखूड कुसू पुरतो. तिची खालची कड लांब पट्ट्यांच्या खालच्या कडेशी जुळवा, म्हणजे वरचा इंच ठोकळ्यांच्या खाचेसाठी मोकळा राहतो. तिचं काम लांब पट्ट्या बाहेर फुगू न देणं, एवढंच. शिकंजे आवळल्यावर दोन्ही कर्ण मोजा. फरक अर्ध्या सुताहून जास्त असेल तर लांब कर्णाच्या दिशेने एक शिकंजा तिरका लावून ओढून घ्या. हे फेविकॉल ओला आहे तोवरच होतं.

टॉप बसवणं

पट्ट्यांच्या आतल्या बाजूने, वरच्या कडेपासून ४ सूत खाली, ३ सूत रुंद आणि ५ सूत खोल सलग खाच पाडा. ठोकळे ६ सूत जाड, दीड इंच रुंद, अडीच इंच लांब. ठोकळ्याच्या एका टोकाला वरून साडेतीन सूत कापून ५ सूत लांबीची जीभ काढा. लाकडाचे तंतू जिभेच्या लांबीत गेले पाहिजेत, आडवे गेले तर जीभ स्क्रू आवळतानाच तुटते. जीभ खाचेत सरकवून ठोकळा टॉपला स्क्रूने धरायचा. ४ सूत आणि साडेतीन सुतांतल्या फरकामुळे आवळल्यावर टॉप खाली ओढला जातो.

लांब बाजूंना तीन-तीन, आखूड बाजूंना दोन-दोन ठोकळे. शिवाय प्रत्येक आखूड पट्टीच्या मधोमध एक स्क्रू थेट टॉपमध्ये, म्हणजे टॉप मध्यावर स्थिर राहतो आणि दोन्हीकडे सारखा हलतो. लांब बाजूच्या ठोकळ्यांची जागा ऋतू बघून ठरवा. उन्हाळ्यात बसवत असाल तर ठोकळ्याचा खांदा आणि पट्टी यांत २ सूत मोकळे ठेवा, कारण टॉप आता फुगणार आहे. पावसाळ्यात बसवत असाल तर अर्धा सूत पुरे, कारण टॉप आकसणार आणि जीभ मागे सरकणार. आखूड बाजूंना ठोकळे खाचेतून आडवे सरकतात, तिथे ही चिंता नाही. ठोकळ्यांना किंवा चौकटीच्या वरच्या कडेला फेविकॉलचा थेंबही लावू नका.

स्क्रू सव्वा इंची, पितळी किंवा स्टेनलेस स्टीलचे. पितळी स्क्रू मऊ असतो. आधी त्याच मापाचा पोलादी स्क्रू फिरवून आटे पाडा, तो काढा, मग पितळी बसवा.

सुताराकडून टेबल करून घेत असाल तर हा एक भाग समोर उभं राहून बघा. टॉपखाली आडव्या पट्ट्या चिकटवणं, मजबुतीसाठी प्लायवूड चिकटवणं किंवा चारही कडांना कोन कापून लाकडी पट्टी चिकटवणं हे सगळं प्लायच्या टेबलाला ठीक आहे. भरीव लाकडात यातली कोणतीही गोष्ट केली तर टॉप फाटतो किंवा कोपऱ्यातले जोड उघडतात.

घासकाम आणि पॉलिश

काचपेपर १००, १५०, २२० या क्रमाने, नेहमी तंतूंच्या दिशेने. आधीच्या नंबरचे ओरखडे पूर्ण निघाल्याशिवाय पुढचा हातात घेऊ नका. १५० नंतर ओलसर फडकं फिरवून तंतू उठू द्या, सुकल्यावर २२० ने हलकेच घासा. सागाचा भुसा अनेकांना त्वचेवर खाज आणि शिंका देतो, एन-९५ मास्क लावा.

ताज्या रंधलेल्या सागावर हिरवट-तपकिरी चट्टे दिसतात. घाबरून रंग चढवू नका. काही दिवस उजेडात ठेवलं की ते एकसारखे सोनेरी तपकिरी होतात.

चपड्याचं पारंपरिक पॉलिश कपाटाला सुरेख दिसतं. जेवणाच्या टेबलावर मात्र गरम भांड्याने आणि पाण्याने पांढरे डाग पडतात. मेलामाइन स्वस्त आणि कडक, पण ओरखडा उठला तर तेवढाच भाग दुरुस्त होत नाही. रोजच्या जेवणाच्या घरासाठी दोन घटकांचं मॅट पीयू (पॉलियुरेथेन) आम्हाला योग्य वाटतं. अ‍ॅसिटोनने पुसून सीलरचे दोन हात, मधे ३२० ने घासणी, मग पीयूचे दोन हात. मिश्रणाचं प्रमाण आणि दोन हातांतलं अंतर डब्यावर लिहिलेलं तंतोतंत पाळा. साधं एका घटकाचं तेलाधारित वार्निश थेट सागावर लावलं तर लाकडातल्या तेलामुळे ते दिवसेंदिवस चिकट राहतं. भर पावसात स्प्रे मारू नका, दमट हवेत पॉलिशवर दुधी झाक येते.

हाताला लाकूड लाकडासारखं लागायला हवं असेल तर उकळलेलं जवसाचं तेल किंवा मेणयुक्त तेल लावा. पातळ हात, वीस मिनिटांनी पूर्ण पुसून काढा, दिवसाआड असे तीन-चार हात. हळदीचे आणि रश्श्याचे डाग त्यावर लवकर बसतात, पण तिथेच घासून पुन्हा तेल लावता येतं. हळदीचा डाग उन्हात आपोआप फिका होतो. तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. ती स्वतःहून तापून पेट घेतात. पाण्यात बुडवा किंवा मोकळ्या हवेत पसरून वाळवा.

कोणतंही पॉलिश निवडा, टॉपच्या खालच्या बाजूलाही वरच्याइतकेच हात द्या. खालची बाजू कोरी राहिली तर ती ओल लवकर घेते आणि टॉप द्रोणासारखा वाकतो. म्हणूनच पॉलिश टॉप बसवण्याआधी, भाग सुटे असताना करा.

ओक वापरायचं असेल तर

अमेरिकेत किंवा युरोपात राहून हे टेबल बनवत असाल तर तिथे ओक सहज मिळतं आणि हीच मापं चालतात. पण ओक सागाच्या जवळजवळ दीड ते दोनपट हलतं. लांब बाजूच्या ठोकळ्यांना ३ सूत मोकळीक द्या, आणि त्यासाठी जीभ ६ सूत, पट्टी एक इंच जाड आणि तिच्यातली खाच ६ सूत खोल करा. ओकमधल्या टॅनिनमुळे ओल्या लाकडाला लोखंड लागताच निळसर काळा डाग पडतो. त्यामुळे स्टील वूलने घासणं पूर्ण टाळा.

पहिलं वर्ष

पीयू पूर्ण कडक व्हायला काही आठवडे लागतात, तोवर गरम भांड्याखाली जाड आसन ठेवा. टेबलावर एकाच जागी कापड किंवा फुलदाणी ठेवू नका, झाकलेल्या भागाचा रंग वेगळा राहतो. पहिला पावसाळा आणि पहिला उन्हाळा झाल्यावर टेबलाखाली टॉर्च घेऊन ठोकळे बघा. एखाद्याचा खांदा पट्टीला टेकला असेल तर स्क्रू काढून ठोकळा सूतभर मागे घ्या. जीभ खाचेतून निसटायला आली असेल तर पुढे सरकवा. टेबलाचं वजन ३५ ते ४० किलोच्या आसपास भरतं. हलवताना दोघांनी चौकटीच्या पट्ट्या धरून उचला. टॉपच्या कडेला धरून उचललं तर सगळं वजन त्या दहा ठोकळ्यांवर येतं.